राज्यशास्त्राचे वर्ग आणि गावची सभा

बालाघाटहून गोंदियाकडे जाणारा रस्ता राजेगावजवळ बाघ नदी ओलांडतो. नदीच्या एका तीरावर मध्य प्रदेश, दुसऱ्या तीरावर महाराष्ट्र. बोली, सोयरीक आणि बाजारहाट यांना ही सीमा फारशी ठाऊक नाही. गावचा कारभार मात्र नदीपाशी आपली नावे बदलतो. राजेगावच्या बाजूची जनपद पंचायत पलीकडे पंचायत समिती होते, जिला पंचायतीची जिल्हा परिषद होते, आणि वॉर्डातून निवडून येणारा ‘पंच’ पलीकडे ‘सदस्य’ म्हणून ओळखला जातो. एक गोष्ट तेवढी दोन्ही तीरांवर सारखी आहे. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक नागरिक ग्रामसभेचा सभासद असतो. त्यासाठी त्याला निवडणूक लढवावी लागत नाही की कोणाची शिफारस आणावी लागत नाही.

हे सभासदत्व इतके सहज मिळते, म्हणूनच कदाचित त्याचे मोल कोणाला वाटत नाही. ग्रामसभेची दवंडी होते, थोडी माणसे जमतात, हजेरीच्या वहीवर सह्या होतात आणि सभा संपते. दुसरीकडे विद्यापीठांतून राज्यशास्त्राचे वर्ग चालतात. राज्यघटना, संसद, पक्षपद्धती यांवर विद्यार्थी उत्तरपत्रिका लिहितात. या दोन ठिकाणांमध्ये काही वाट आहे काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

राजेगावच्या परिसरापुरते बोलायचे तर अशी वाट एकदा आखली गेली होती. १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत बालाघाट जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. त्या वेळच्या मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने १९४८ मध्ये स्थानिक कारभाराचा नवा कायदा अमलात आणला. जिल्हा कौन्सिले जाऊन तहसीलवार जनपद सभा आल्या. द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने झालेल्या या प्रयोगाचा हेतू सत्ता खेड्याच्या जवळ नेण्याचा होता. त्यानंतर लवकरच नागपूर विद्यापीठाने लोकप्रशासन व स्थानिक स्वराज्य या विषयांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. या विषयाला स्वतंत्र विभागाचा मान देण्यात ते विद्यापीठ देशात अग्रेसर होते. बाहेर नवी सभा भरत असतानाच विद्यापीठात तिचा अभ्यास सुरू व्हावा, हा योग अर्थपूर्ण होता. पुढे राज्ये बदलली आणि जनपद सभाही गेल्या, परंतु मध्य प्रदेशात ‘जनपद’ हा शब्द पंचायतीच्या मधल्या पायरीला अद्याप चिकटून आहे.

महाराष्ट्रात इतरत्रही या दिशेने काम झाले. मुंबईत १९२६ मध्ये स्थानिक स्वराज्याच्या शिक्षणासाठी संस्था निघाली. तीच पुढे अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था म्हणून प्रसिद्धीस आली. पुण्यात ६ जून १९३० रोजी रावबहादूर काळे यांच्या देणगीतून गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. या संस्थेच्या काळे स्मृती व्याख्यानासाठी २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. त्यांचा विषय होता संघराज्य आणि स्वातंत्र्य यांतील विरोध. १९३५ च्या कायद्यातील संघराज्याची योजना तेव्हा देशापुढे होती आणि तिचे गुणदोष जाहीर सभेत नागरिकांपुढे तपासले गेले. १९४१ मध्ये ठक्करबाप्पांनी त्याच व्यासपीठावरून आदिवासींच्या प्रश्नाची मांडणी केली. व्याख्यानाचे खरे प्रयोजन हेच होय. जो निर्णय अजून व्हावयाचा आहे, त्याची चर्चा तज्ज्ञाने लोकांसमोर करावी.

व्याख्यानाच्या जोडीला पाहणी हवी. पुणे विद्यापीठातील राज्यशास्त्राचे प्राध्यापक व. मं. सिरसीकर यांनी १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीतील मतदाराच्या वर्तनाचा अभ्यास केला आणि तो १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे ग्रामीण नेतृत्वावरही त्यांनी ग्रंथ लिहिला. मतदार मत कोणाला देतो, एवढेच अशा अभ्यासात पाहावयाचे नसते. तो का देतो आणि कोणाच्या सांगण्यावरून देतो, हे त्याला घरी जाऊन विचारावे लागते. अशा पाहणीत जो विद्यार्थी प्रश्नावली घेऊन दारोदार हिंडतो, त्याला पुस्तकातील ‘मतदार’ प्रथमच माणसाच्या रूपात भेटतो.

व्याख्यान, पाहणी आणि प्रशिक्षण ही राज्यशास्त्राच्या संस्थेची तीन अंगे झाली. अलीकडे युवा संसदेचीही त्यांत भर पडली आहे. शाळांतील युवा संसदेचा उपक्रम १९६६ मध्ये दिल्लीत सुरू झाला. सभापतींना उद्देशून बोलणे, वेळेचे बंधन पाळणे, विरोधकाचे म्हणणे ऐकून घेणे, या सवयी त्यातून लागतात आणि त्या मोलाच्या आहेत. तथापि युवा संसद ही शेवटी संसदेची नक्कल असते. तेथे संमत झालेल्या ठरावाने कोठे विहीर खणली जात नाही. ग्रामसभेतील ठरावाने ती खणली जाऊ शकते.

येथे वयाचे एक गणित ध्यानात घेण्यासारखे आहे. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनंतर १९८९ पासून मताचा अधिकार एकविसाऐवजी अठराव्या वर्षी मिळू लागला. पंचायतीची निवडणूक लढविण्याचे किमान वय मात्र एकवीस आहे. म्हणजे सभासद होणे आणि उमेदवार होणे यांत तीन वर्षांचे अंतर पडते, आणि बहुतेक विद्यार्थ्यांची महाविद्यालयातील वर्षे नेमकी हीच असतात. ही तीन वर्षे उमेदवारीची मानली, जुन्या अर्थाने, म्हणजे काम शिकण्याची, तर राज्यशास्त्राच्या विभागाला याहून चांगली संधी सापडणार नाही.

या काळात विद्यार्थ्याने करावयाची कामे साधी आहेत. प्रथम आपले नाव मतदारयादीत आहे की नाही ते पाहावे. पूर्वी १ जानेवारी ही एकच पात्रता तारीख असे. २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांच्या पहिल्या तारखा धरल्या जातात. नंतर आपल्या पंचायतीचा विकास आराखडा आणि जमाखर्च वाचावा. २०२० पासून तो ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतो. कागदावर झालेले काम प्रत्यक्षात दिसत नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. सामान्यतः तीस दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. एवढी तयारी करून जो ग्रामसभेत उभा राहील, त्याचे बोलणे आरडाओरड ठरणार नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून विद्यार्थ्यांना शिबिरांसाठी खेड्यांत नेत आहे. त्या शिबिरात रस्ता झाडण्याबरोबर एका संध्याकाळी पंचायतीच्या जमाखर्चाचे सामुदायिक वाचनही व्हावयास हरकत नाही.

सीमेवरच्या गावाची एक अडचण आहे. राजेगावच्या समोरचा गोंदिया जिल्हा नागपूर विद्यापीठाकडे, तर बालाघाट जिल्हा २०१९ मध्ये स्थापन झालेल्या छिंदवाड्याच्या विद्यापीठाकडे. पहिल्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे, दुसऱ्याला १८५७ मध्ये जबलपुरात तोफेच्या तोंडी दिलेल्या राजा शंकर शाहांचे. दोघांचे अभ्यासक्रम आपापल्या राज्याच्या चौकटीत आखले जातात. परंतु हीच अडचण अभ्यासाची संधीही आहे. मध्य प्रदेशाने नव्या घटनादुरुस्तीखालील पहिल्या पंचायत निवडणुका १९९४ मध्ये घेतल्या आणि सरपंच लोकांकडून थेट निवडला. महाराष्ट्राने ही पद्धत २०१७ मध्ये स्वीकारली, २०२० मध्ये सोडली आणि २०२२ मध्ये पुन्हा आणली. एका तीरावर जे स्थिर राहिले ते दुसऱ्या तीरावर इतके का हलले, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांनी पूल ओलांडून एकमेकांना विचारण्याजोगा आहे.

दोन्ही राज्यांत पंचायतींतील निम्म्या जागा आता स्त्रियांसाठी राखीव आहेत. कायद्याने खुर्ची दिली, परंतु पुष्कळ ठिकाणी तिच्या नावाने ‘सरपंचपती’च कारभार पाहतो. ठरावाचा मसुदा वाचून दाखविणारी, अंदाजपत्रकातील आकडे समजावून देणारी गावातलीच एखादी पदवीधर मुलगी अशा सरपंच बाईंच्या शेजारी बसली, तर पतीच्या मध्यस्थीची गरज उरणार नाही. मात्र हे शिक्षण देताना संस्थेने एक पथ्य पाळले पाहिजे. नागरिकाला विचार करावयास शिकवावे. कोणत्या पक्षाला मत द्यावे, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे.

राज्यशास्त्राचे वर्ग गावापर्यंत पोचले नाहीत, तरी परीक्षा होतील आणि पदव्याही मिळतील. ग्रामसभाही ठरल्या दिवशी भरेल. परंतु वाचता येणारे सभासद घरी बसले, तर तिचे निर्णय हजेरीची वही ज्याच्या हाती आहे तोच घेईल.