पळस्प्याचे मडके आणि आपल्या हातातली बाटली

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून मुंबई-गोवा महामार्ग कोकणाकडे वळतो. चवदार तळ्याला अभिवादन करायला निघालेला मुंबईचा भीमसैनिक याच वाटेने महाडला जातो. पळस्पे म्हटले की आपल्या माणसांना सोनबा येलवे आठवतात. तहानलेल्या बाबासाहेबांना इथे जातीपायी पाणी नाकारले गेले. बाबासाहेब पुन्हा या वाटेने येतील तेव्हा त्यांना पाणी मिळालेच पाहिजे, म्हणून सोनबा भरलेले मडके घेऊन वर्षानुवर्षे फाट्यावर वाट पाहत राहिले, अशी ही कथा रायगडात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते.

आज त्याच रस्त्याने 20 मार्चला आपल्या गाड्या जातात. पाण्याची ददात नाही. खोकीच्या खोकी बाटल्या सोबत असतात. पाणी पोटात जाते आणि बाटली खिडकीबाहेर! 14 एप्रिलच्या मिरवणुकीत तेच, 6 डिसेंबरला दादरला तेच. दुसऱ्या दिवशी पहाटे खांद्यावर गोणी टाकून हा पसारा वेचायला कोण येते? आपलीच आईबहीण. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित आणि बहुसंख्य स्त्रिया निघाल्या, हा काय योगायोग होता? गावाची मेलेली ढोरे ओढणे सोडा, मृतमांस सोडा, असे बाबासाहेबांनी 1927 मध्ये महाडलाच सांगितले होते. गावकीची घाण आपण नाकारली. शहराने तीच घाण प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पुन्हा आपल्याच दारात आणून ठेवली.

म्हणून प्लॅस्टिकचा प्रश्न हा टेकडीवर फिरायला जाणाऱ्या उच्चभ्रूंचा छंद आहे, असे समजून चळवळीने त्याकडे पाठ फिरवू नये.

कायद्याचा इतिहास पाहा. 26 जुलै 2005 च्या पुरात मुंबईची गटारे तुंबली, तेव्हा सरकारला कॅरीबॅग दिसली. 2006 मध्ये पन्नास मायक्रॉनचा नियम आला. 23 मार्च 2018 रोजी प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर राज्यात बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तुरुंग! 1 जुलै 2022 पासून केंद्राचीही एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर बंदी आहे. आता सांगा, पाच हजारांची पावती कुणाच्या हातात पडते? मेथीची जुडी विकणाऱ्या बाईच्या. तिची दिवसाची कमाई तरी तेवढी असते का?

आणि प्लॅस्टिक जन्माला कुठे येते? त्यासाठी लांब जायला नको. आपल्याच रायगड जिल्ह्यात नागोठण्याच्या कारखान्यात वायूपासून पॉलिथिनचे दाणे बनतात, पाताळगंगेच्या काठी पॉलिएस्टर बनते. हे कारखाने बंद करा असे आम्ही म्हणत नाही. तिथे आपलीही पोरे कामाला आहेत. पण जो बनवतो आणि जो त्यात माल भरून विकतो, त्याने ते परत घेतले पाहिजे एवढे तरी म्हणणार की नाही? पाण्याच्या बाटलीला भंगारात भाव असतो, म्हणून ती उचलली जाते. शाम्पूच्या पुडीला, वेफर्सच्या पाकिटाला भाव शून्य. त्यात प्लॅस्टिक आणि चकचकीत धातूचा पापुद्रा एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते वेगळे करणे परवडत नाही. कचरावेचक बाई ती सोडून देते. मग ती पावसाबरोबर गाढी नदीत आणि तिथून पनवेलच्या खाडीत. गरीब माणूस पुडी घेतो कारण त्याच्या खिशात बाटलीचे पैसे नसतात. कंपनीला हे नेमके माहीत असते. तिने एकाच जातीच्या प्लॅस्टिकचे वेष्टन केले तर भंगारवाला ते घेईल. (जात हा शब्द इथे चालेल!)

उत्पादकाची ही जबाबदारी 2016 च्या नियमांत लिहिलेली आहे. त्याच नियमांनी कचरावेचकांचे अस्तित्व मान्य केले. 2022 मध्ये कंपन्यांना परत घेण्याची उद्दिष्टे ठरवून दिली, त्यासाठी प्रमाणपत्रांचा बाजार उघडला. आणि 2023 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत सुमारे सहा लाख प्रमाणपत्रे बनावट निघाली. मेथीवालीची पावती मात्र अस्सल! राज्याच्या 2018 च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर परतीचे किमान पन्नास पैसे छापायचे ठरले होते. उद्या दूधवाल्याकडे रिकामी पिशवी नेऊन ते पन्नास पैसे मागून पाहा.

पनवेलची नगरपालिका 1852 ची, राज्यातल्या जुन्या नगरपालिकांपैकी एक; 1 ऑक्टोबर 2016 रोजी तिची महानगरपालिका झाली. पुण्यात कचरावेचकांना संघटनेच्या बळावर 1990 च्या दशकातच महापालिकेची ओळखपत्रे मिळाली आणि पुढे त्यांच्याच सहकारी संस्थेकडे घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम आले. पनवेलमध्ये ही मागणी घेऊन मोर्चा काढायला आपल्याला कुणी अडवले आहे? मोर्च्यात बाटल्या वाटल्या नाहीत म्हणजे झाले.

येत्या 20 मार्चला पनवेलच्या एखाद्या मंडळाने पळस्पे फाट्यावर माठांची पाणपोई लावावी. माठ, ओले फडके, स्टीलचे पेले आणि ते विसळायला दोन पोरे, एवढाच खर्च. महाडला जाणाऱ्या गाड्यांनी तिथे थांबून पाणी प्यावे. आणि कार्यक्रमानंतर मैदान झाडणाऱ्या बायांचे पैसे मंडळाच्या वर्गणीतून, डीजे ठरवण्याआधी बाजूला काढावेत.