सगळ्याच खोल्या प्रीमियम करताय? आधी या तीन विमान कंपन्यांचं काय झालं ते बघा



राजोडी, कळंब, अर्नाळा या पट्ट्यातून एक प्रश्न सारखा येतो. "सर, साध्या खोल्या काढून सगळ्याच प्रीमियम केल्या तर? शनिवार-रविवारची गर्दी नको, स्पीकरचा गोंगाट नको. मोजकेच पाहुणे, पण पैसे मोजणारे." विचार वाईट नाही. व्हिडिओमध्ये वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. आणि उदाहरण घेतोय विमानाचं, कारण हाच विचार तिथे कोट्यवधी डॉलर लावून करून झालेला आहे.

२००५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावरून न्यूयॉर्कसाठी दोन नव्या कंपन्या उडाल्या, ईऑस आणि मॅक्सजेट. २००७ च्या जानेवारीत ल्यूटनहून तिसरी आली, सिल्व्हरजेट. तिघींची कल्पना एकच: विमानात इकॉनॉमी नाहीच, सगळ्या सीट बिझनेस क्लासच्या. ईऑसने तर कमालच केली. ज्या बोइंग ७५७ मध्ये एरवी दोनशेच्या आसपास माणसं बसतात, त्यात फक्त ४८ सीट बसवल्या. तिकीट मात्र मोठ्या कंपन्यांच्या बिझनेस क्लासपेक्षा स्वस्त. प्रवासी खूश होते, सेवेचं कौतुक होत होतं.

आणि तरी २४ डिसेंबर २००७ ला, म्हणजे ऐन नाताळच्या आदल्या दिवशी, मॅक्सजेट बंद पडली. २००८ च्या एप्रिलअखेर ईऑस गेली. ३० मे ला सिल्व्हरजेट. पाच महिन्यांत तिन्ही.

का? सगळे तेलाकडे बोट दाखवतात, आणि ते खोटं नाही. २००७ च्या सुरुवातीला कच्चं तेल पिंपाला ५०-६० डॉलरच्या घरात होतं, जुलै २००८ मध्ये ते १४७ पर्यंत गेलं. पण तेल सगळ्यांनाच महाग झालं होतं. मोठ्या कंपन्यांनीही मार खाल्ला, पण याच तिघी इतक्या पटकन का बसल्या?

हिशोब करून बघा. विमान उडालं की पायलट, लँडिंगचे पैसे आणि बरंचसं इंधन हा खर्च ठरलेला. आत ४८ माणसं असोत की दोनशे. दोनशे सीटच्या विमानात दहा रिकाम्या राहिल्या तर पाच टक्के सीट गेल्या. ४८ च्या विमानात दहा रिकाम्या म्हणजे जवळपास २१ टक्के. मोठ्या कंपनीला मंदीत बिझनेस क्लासचा प्रवासी मिळाला नाही, तर मागच्या इकॉनॉमीच्या सीट थोडंफार सांभाळून घेतात. या तिघींच्या विमानात मागे कुणी नव्हतंच.

आता तुमच्याकडे या. बारा खोल्यांतली एक रिकामी राहिली तर आठ टक्के. चारच खोल्या आहेत आणि एक रिकामी, तर पंचवीस टक्के. केअरटेकरचा पगार, पूलच्या पंपाचं वीजबिल, जनरेटरचं डिझेल यातलं काहीही पंचवीस टक्क्यांनी कमी होत नाही. आणि राजोडीत सोमवार ते गुरुवार, शिवाय पावसाचे चार महिने, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं मला. बिझनेस क्लासचं तिकीट बहुतेक वेळा माणूस स्वतःच्या खिशातून काढत नाही, त्याची कंपनी काढते. त्याला नुसती मऊ सीट पुरत नाही. मीटिंग लांबली तर तीन तासांनी दुसरं विमान हवं. मोठ्या कंपन्यांकडे लंडन-न्यूयॉर्कच्या दिवसाला कितीतरी फेऱ्या, या छोट्यांकडे मोजक्या. त्यात ऑक्टोबर २००७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने त्याच स्टॅनस्टेडहून न्यूयॉर्कची सेवा सुरू केली. मॅक्सजेट आणि ईऑस गेल्यावर २००८ मध्येच ती गुपचूप बंदही केली! मोठा खेळाडू तोटा सोसत थांबू शकतो, छोट्याकडे तेवढा दम नसतो.

हा प्रयोग आपल्या महाराष्ट्रातही झालाय, पण वेगळ्या पद्धतीने. २००८ मध्ये लुफ्तान्साने पुणे-फ्रँकफर्ट थेट विमान सुरू केलं, तेही बिझनेस क्लासचं. चाकण-हिंजवडीकडे ये-जा करणारे कंपन्यांचे लोक हे गिऱ्हाईक डोळ्यांसमोर होतं. पण लुफ्तान्साने यासाठी स्वतःचं विमान अडकवलं नाही. प्रायव्हेटएअर नावाच्या स्विस कंपनीकडून विमान आणि कर्मचारी भाड्याने घेतले. पुढे त्या मार्गावर इकॉनॉमीच्या सीटही आल्या. प्रायव्हेटएअर स्वतः २०१८ च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली. लुफ्तान्सा आजही उडतेय. बाकीचा धंदा उभा ठेवून एका कोपऱ्यात प्रयोग करणं वेगळं, आणि अख्खं घर त्यावर लावणं वेगळं.

तरी प्रीमियम म्हणजे बुडणारच, असं मी म्हणत नाही. ला कॉम्पनी ही फ्रेंच कंपनी २०१४ पासून पॅरिस-न्यूयॉर्क मार्गावर सगळी बिझनेस क्लासचीच विमानं चालवतेय. कमी इंधन पिणारी नवी विमानं घेतली, लंडनचा मार्ग जमत नाही म्हटल्यावर २०१६ मध्ये सोडून दिला.

आता ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही ते बघू. प्रवाशाचं काय झालं?

तिकीट आधी काढतात, प्रवास नंतर. मधल्या काळात तुमचे पैसे कंपनीकडे असतात आणि बऱ्याचदा त्यातून आजचं इंधन भरलं जातं. म्हणजे तिकीट काढणारा माणूस खरं तर कंपनीला बिनव्याजी, बिनतारण उधार देत असतो. त्याला ते माहीतही नसतं. ब्रिटनमध्ये ज्यांनी क्रेडिट कार्डाने तिकीट काढलं त्यांना कायद्याचा आधार होता: शंभर पौंडांवरच्या खरेदीत माल किंवा सेवा मिळाली नाही, तर कार्ड देणारी कंपनीही जबाबदार धरता येते. आपल्याकडे कार्डाला 'चार्जबॅक' मागता येतो, पण तो कार्ड कंपन्यांच्या नियमाने आणि ठरावीक मुदतीत. म्हणून धंद्यासाठी महागडं तिकीट किंवा प्रदर्शनातला स्टॉल बुक करताना शक्यतो कार्ड वापरा.

जेट एअरवेज आठवते ना? फक्त बिझनेस क्लासची नव्हती, पण आपल्या मुंबईची, सेवेसाठी नावाजलेली. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री तिचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला आलं. मे महिन्याच्या सुट्टीची तिकिटं काढून बसलेली किती कुटुंबं अडकली! प्रकरण दिवाळखोरी कायद्याखाली गेलं आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. साडेपाच वर्षं. या कायद्यात मालमत्ता विकून आलेल्या पैशांचा क्रम ठरलेला आहे: आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची देणी आणि तारण असलेली कर्जं, मग इतर कर्मचारी, मग बिनतारण कर्ज देणारे, सरकार. ॲडव्हान्स भरलेला ग्राहक त्याच्याही मागे.

आणि समजा रिफंड लगेच मिळाला, तरी नुकसान भरत नाही. जेट बंद पडल्यावर सीट कमी झाल्या, भाडी चढली. दोन महिन्यांपूर्वीच्या दराचे पैसे हातात आले म्हणून आजच्या दराचं तिकीट येत नाही.

हेच राजोडीत कसं होतं बघा. ऑक्टोबरमध्ये ३१ डिसेंबरचं बुकिंग सुरू होतं. कुणी जानेवारीतल्या साखरपुड्यासाठी लॉन धरतं, ॲडव्हान्स देतं. पावसात धंदा नसल्यामुळे खातं कोरडं, म्हणून तोच पैसा पूलच्या टाइल्समध्ये जातो. मग काम लांबतं, कंत्राटदार गायब होतो, आणि २६ डिसेंबरला तुम्ही पाहुण्याला फोन करता: "दादा, जमणार नाही, पैसे परत करतो." कुठून करणार? केलेत तरी त्या तारखेला अर्नाळ्यापासून वसईपर्यंत त्याला खोली मिळेल का? साखरपुड्याच्या पत्रिका वाटून झाल्या असतील तर?

म्हणून ॲडव्हान्ससाठी वेगळं चालू खातं उघडा. पाहुणा गेटमधून आत आला, की त्या दिवशी त्याची रक्कम धंद्याच्या खात्यात वळवा, त्याआधी नाही. आणि पावतीवर, व्हॉट्सॲपवर दिलीत तरी चालेल, हे लिहून द्या: आमच्या कारणाने बुकिंग रद्द झालं तर पूर्ण रक्कम किती दिवसांत परत मिळेल, आणि जवळच्या कोणत्या रिसॉर्टमध्ये पर्यायी सोय करून देऊ. त्या रिसॉर्टवाल्याशी मात्र आधी बोलून ठेवा. सीझन सुरू व्हायच्या आत, गणपतीच्या सुमारास.