सेवा संपते, आघात संपत नाही

रणांगणावर न लढलेल्या स्त्रीला युद्धाचा मानसिक आघात कसला, असा प्रश्न सुशिक्षितही विचारतात. छिन्नविच्छिन्न देहांची शुश्रूषा करणाऱ्या लष्करी परिचारिकेला त्याचे उत्तर ठाऊक असते. शिवाय प्रत्येक आघात शत्रूकडूनच होतो असे नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत सेवाकाळातील लैंगिक अत्याचाराविषयी प्रत्येकास विचारले जाते. तीन स्त्रियांपैकी सुमारे एक 'होय' म्हणते. त्यावरील उपचार तेथे विनामूल्य असून त्यासाठी पूर्वीच्या तक्रारीचा पुरावा लागत नाही.

आपल्याकडे मात्र उपचाराची वाट बहुतांशी निवृत्तिवेतनातून जाते. १९९२ पासून सैन्याने वैद्यकीय व परिचर्या शाखांबाहेरही स्त्रियांना अधिकारपदे दिली, पण अल्पकाळासाठी. ती मुदत वाढत चौदा वर्षांवर गेली. निवृत्तिवेतनास वीस वर्षे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० रोजी स्थायी नियुक्तीचा हक्क मान्य केला, तोवर कित्येकजणी रिक्त हस्ते परतल्या होत्या. माजी सैनिकांची आरोग्य योजना २००३ ची. अल्पसेवा अधिकाऱ्यांसाठी तिचे दार उघडण्यास २०१९ उजाडले. नौदलात २०२२ च्या अखेरीस दाखल झालेल्या पहिल्या स्त्री-अग्निवीरांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. मूळ योजनेनुसार त्यांपैकी बहुतेकींना ना निवृत्तिवेतन, ना माजी सैनिकाचा दर्जा.

मनाची जखम सेवेची वर्षे मोजत नाही. निद्रानाश, भय, अकारण संताप ही लक्षणे कित्येकदा घरी परतल्यावर वर्षांनी प्रकटतात. घरातील माणसे त्यास 'स्वभाव बिघडला' म्हणतात. वसई-विरारमध्ये राहणाऱ्या अशा स्त्रीने कुलाब्याचे नौदल रुग्णालय गाठायचे, तर साठ किलोमीटरचा प्रवास आणि एक दिवसाची रजा. आणि तेथे तिचा हक्क असेलच असे नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराचा अधिकार प्रत्येक नागरिकास दिला आहे. तो तिच्या दारापर्यंत पोहोचलेला नाही. उपचार नाकारल्याने खर्च वाचतो, हा हिशेबच खोटा आहे. तो संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकातून निघून एखाद्या कुटुंबाच्या घरखर्चात जाऊन बसतो, इतकेच.

उपाय अशक्य नाही. सेवामुक्तीच्या वेळी स्त्री-डॉक्टरकडून गोपनीय तपासणी व्हावी. पुढील काही वर्षे, सेवाकालाची अट न घालता, विनामूल्य उपचार मिळावेत. आणि महापालिकेच्या रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस मानसोपचारतज्ज्ञ त्यासाठी नेमावा. स्त्रीला गणवेश देताना शासनाने तिच्या सेवेची मुदत ठरवली. तिच्या वेदनेची मुदत ठरविण्याचा अधिकार मात्र शासनास नाही.