कमांड लाइनवरील परवानगी-त्रुटी : कारणमीमांसा आणि निवारणाची पद्धत

सारांश :
सॉफ्टवेअर-विकसनासाठी वापरल्या जाणाऱ्या कमांड लाइन साधनांमध्ये ‘परमिशन डिनाइड’ ही त्रुटी वारंवार आढळते. तिचे निवारण बहुधा अधिकार वाढवून केले जाते. त्यामुळे मूळ दोष झाकला जातो आणि नवे दोष निर्माण होतात. प्रस्तुत लेखात युनिक्स परंपरेतील परवानगी-व्यवस्थेचे स्वरूप स्पष्ट करून अशा त्रुटींच्या निदानाची क्रमबद्ध पद्धत मांडली आहे.

बीजसंज्ञा : युनिक्स, लिनक्स, परवानगी, सुडो, एनपीएम, न्यूनतम अधिकार.

१. प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी एखादे पॅकेज स्थापित करू लागतो आणि पडद्यावर परवानगी नाकारल्याचा संदेश उमटतो. पुढील कृती जवळजवळ ठरलेली असते. तीच आज्ञा ‘सुडो’ हा शब्द आधी जोडून पुन्हा दिली जाते, अथवा संबंधित डिरेक्टरीला ७७७ ही परवानगी दिली जाते. काम पुढे सरकते, तास संपतो. परंतु त्रुटी का आली हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. प्रयोगशाळेतील एकेक संगणक अनेक विद्यार्थी वापरत असल्याने एकाच्या अशा कृतीचे परिणाम पुढील तुकडीला भोगावे लागतात. शिवाय, प्रयोगशाळेत लागलेली सवय विद्यार्थी नोकरीच्या ठिकाणीही घेऊन जातो. म्हणून हा विषय केवळ तांत्रिक नसून अध्यापनाचाही आहे.

२. परवानगी-व्यवस्थेची पार्श्वभूमी

युनिक्स प्रणालीचा प्रारंभ १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांच्या कार्यातून झाला. एकच संगणक अनेकांनी वापरावा, ही कल्पना तिच्या मुळाशी होती. एकाची फाइल दुसऱ्याने बिघडवू नये ही गरज त्यातूनच उद्भवली. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या युनिक्स माहितीपुस्तिकेत परवानगी बदलणारी ‘सीएचमॉड’ आणि मालकी बदलणारी ‘सीएचओन’ या दोन्ही आज्ञा आढळतात. त्या वेळी मालक आणि इतर असे दोनच वर्ग होते; गट हा वर्ग नंतर आला.

आजच्या व्यवस्थेत प्रत्येक फाइलला मालक, गट व इतर या तीन वर्गांसाठी वाचन, लेखन व निष्पादन या तीन परवानग्या असतात. वाचनास ४, लेखनास २ व निष्पादनास १ असे मूल्य असते. त्यानुसार ७५५ म्हणजे मालकास सर्व परवानग्या आणि गट व इतरांस केवळ वाचन व निष्पादन. येथे तीन बाबी ध्यानात घेणे आवश्यक आहे.

पहिली बाब अशी की, तपासणी मालक, गट, इतर या क्रमाने होते आणि जो वर्ग प्रथम लागू पडतो त्याचाच निर्णय अंतिम असतो. मालकास परवानगी नसेल, तर ‘इतरां’ना ती असूनही मालकास नकार मिळतो. दुसरी बाब, डिरेक्टरीच्या संदर्भात निष्पादन याचा अर्थ ‘तीमधून पुढे जाण्याची मुभा’ असा होतो. फाइल सर्वांना वाचनीय असली तरी तिच्या मार्गावरील एखाद्या डिरेक्टरीवर ही मुभा नसेल, तर फाइल उघडत नाही. तिसरी बाब, फाइल निर्माण करणे वा पुसणे हे फाइलच्या नव्हे, तर ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्या लेखन-परवानगीवर अवलंबून असते. ‘टेम्प’सारख्या सामाईक डिरेक्टरीत एकाने दुसऱ्याची फाइल पुसू नये म्हणून ‘स्टिकी बिट’ची विशेष तरतूद करावी लागते, ती याच कारणामुळे.

३. निदानाची क्रमबद्ध पद्धत

(अ) संदेशाचे वाचन : ‘ईअ‍ॅक्सेस’ (लिनक्समधील क्रमांक १३) म्हणजे परवानगीअभावी प्रवेश नाकारला. ‘ईपर्म’ (क्रमांक १) म्हणजे ती क्रिया करण्याचा अधिकारच नाही. दुसऱ्याच्या फाइलची परवानगी बदलू पाहिल्यास हा संदेश मिळतो. ‘ईआरओएफएस’ (क्रमांक ३०) म्हणजे फाइल-प्रणाली केवळ वाचनीय आहे; येथे सीएचमॉडचा उपयोग नाही. संदेशात नमूद केलेला मार्ग वहीत उतरवून घेणे, ही निदानाची पहिली पायरी होय.

(आ) आज्ञा देणारा कोण : ‘आयडी’ या आज्ञेने वापरकर्ता व त्याचे गट समजतात. एखाद्यास नव्या गटात समाविष्ट केले तरी आधीच सुरू असलेल्या सत्रास तो बदल कळत नाही. पुन्हा लॉगइन करावे लागते.

(इ) संपूर्ण मार्गाची तपासणी : केवळ शेवटची फाइल पाहणे पुरेसे नाही. लिनक्सवर ‘नेमआय’ ही आज्ञा ‘एल’ पर्यायासह दिल्यास मार्गातील प्रत्येक डिरेक्टरीचा मालक व परवानगी एकाखाली एक दिसते आणि अडथळ्याचे नेमके ठिकाण समजते.

(ई) अन्य थर : परवानग्या योग्य असूनही नकार येत असेल, तर फाइल-प्रणाली ‘नोएक्झेक’ पर्यायाने जोडली आहे काय, अथवा एसई-लिनक्ससारखी सुरक्षा-यंत्रणा कार्यरत आहे काय, हे पाहावे.

४. एनपीएमचे उदाहरण

नोड प्रणालीचे पॅकेज-साधन एनपीएम हे या त्रुटीचे बोलके उदाहरण आहे. ‘जी’ पर्यायाने सार्वत्रिक स्थापना केल्यास पॅकेज अनेक संगणकांवर ‘यूएसआर’ खालील डिरेक्टरीत लिहिले जाते. तिची मालकी ‘रूट’ या प्रशासकाकडे असते. त्यामुळे सामान्य वापरकर्त्यास ईअ‍ॅक्सेस मिळतो. हा नकार व्यवस्थेचा दोष नसून ती योग्य रीतीने चालत असल्याची खूण आहे.

सुडो वापरल्यास स्थापना होते. परंतु काही आवृत्त्यांमध्ये वापरकर्त्याच्या गृह-डिरेक्टरीतील एनपीएमच्या साठ्यात रूटच्या मालकीच्या फाइली शिल्लक राहत. पुढे सुडोविना दिलेली साधी आज्ञाही त्यामुळे अडत असे, आणि वापरकर्ता पुन्हा सुडोकडे वळत असे. एका उपायातून पुढच्या त्रुटीचे बीज पडते ते असे. अशा वेळी त्या साठ्याची मालकी सीएचओनने मूळ वापरकर्त्याकडे परत देणे हाच खरा उपाय ठरतो.

याहून गंभीर प्रसंग फेब्रुवारी २०१८ मध्ये घडला. एनपीएमच्या ५.७.० या आवृत्तीतील दोषामुळे, सुडोसह ती चालविल्यास ‘ईटीसी’ व ‘यूएसआर’ यांसारख्या प्रणालीच्या मूलभूत डिरेक्टरींची मालकीच बदलत असे आणि संगणक निकामी होण्याची वेळ येई. लगोलग ५.७.१ ही सुधारित आवृत्ती काढण्यात आली. साधनातील चूक लहान असली, तरी तिला दिलेल्या अमर्याद अधिकारामुळे हानी मोठी झाली.

योग्य मार्ग तीन आहेत : एनपीएमचा ‘प्रीफिक्स’ गृह-डिरेक्टरीत ठेवून तेथील ‘बिन’ डिरेक्टरी ‘पाथ’मध्ये समाविष्ट करणे; एनव्हीएमसारखे आवृत्ती-व्यवस्थापक साधन वापरणे; किंवा पॅकेज प्रकल्पापुरतेच स्थापित करून ‘एनपीएक्स’द्वारे चालविणे. तिन्ही मार्गांत लेखनाचे स्थान वापरकर्त्याच्या मालकीचे असल्याने सुडोची गरजच उरत नाही.

५. अन्य साधने

पायथनच्या ‘पिप’बाबत हाच विचार लागू पडतो. सुडोने पिप चालविल्यास स्रोतरूपातील पॅकेजची सेटअप आज्ञावलीही रूटच्या अधिकाराने चालते. पायथन ३.३ पासून (२०१२) उपलब्ध असलेले ‘वेन्व्ह’ हे आभासी पर्यावरण यावरील स्वच्छ उपाय आहे. २०२३ च्या डेबियन १२ पासून तर प्रणालीच्या पायथनमध्ये पिपने थेट स्थापना करण्यास मुळातच अटकाव केला जातो.

गिट वापरताना येणारा ‘परमिशन डिनाइड, पब्लिक की’ हा संदेश मात्र स्थानिक फाइलविषयी नसतो. दूरस्थ सर्व्हरने ओळख मान्य केली नाही, असा त्याचा अर्थ आहे. येथे सुडो वापरल्यास वापरकर्त्याऐवजी रूटच्या किल्ल्या शोधल्या जातात आणि अडचण वाढते. याच क्षेत्रात ७७७ चा उपाय उलटा ठरतो : खासगी किल्ली इतरांना वाचनीय असेल, तर एसएसएच ती स्वीकारतच नाही, तिला ६०० परवानगी लागते. परवानगी वाढविल्यामुळे नकार मिळतो, असे हे उदाहरण वर्गात आवर्जून दाखवावे असे आहे.

आणखी एक नेहमीचा प्रसंग म्हणजे ‘सुडो इको’ वापरून संरक्षित फाइलमध्ये मजकूर वळविण्याचा प्रयत्न. तो फसतो, कारण फाइल उघडण्याचे काम इको नव्हे, तर सामान्य अधिकाराने चालणारे शेल करते. मजकूर ‘सुडो टी’ या आज्ञेकडे पाइपने दिल्यास काम होते.

६. निष्कर्ष

जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ च्या आपल्या शोधनिबंधात न्यूनतम अधिकाराचे तत्त्व मांडले : प्रत्येक आज्ञावलीस व वापरकर्त्यास कामापुरताच अधिकार असावा. वरील विवेचनावरून असे दिसते की, परवानगी-त्रुटींचे निवारण या तत्त्वाच्या विरोधात जाऊन नव्हे, तर त्याच्या आधारेच टिकाऊ होते. अधिकार वाढविण्यापूर्वी ‘हे काम याच ठिकाणी होणे आवश्यक आहे काय?’ हा प्रश्न विचारला, तर बहुतेक वेळा लेखनाचे स्थान बदलणे पुरेसे ठरते. सुडोचा उपयोग प्रणालीच्या खऱ्या देखभालीपुरता राखून ठेवावा.

प्रयोगशाळेच्या नोंदवहीत आज्ञेसोबत त्रुटीचा पूर्ण संदेश, संबंधित मार्ग, त्याचा मालक आणि केलेला उपाय या चार गोष्टी लिहिण्याचा प्रघात पाडल्यास निदानाची सवय विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडेल. त्यासाठी नव्या यंत्रसामग्रीची आवश्यकता नाही. नकाराचा संदेश शांतपणे वाचण्याची शिस्त मात्र अध्यापकांनी स्वतःच्या प्रात्यक्षिकातून दाखवून द्यावयास हवी.