फराळ, फोमबोर्ड आणि स्मोक अलार्म

अमेरिकेतल्या मराठी घरात चकलीचा पहिला घाणा कढईत सोडण्याआधी छतावरच्या स्मोक अलार्मचा विचार करावा लागतो. अपार्टमेंटमध्ये पुष्कळदा शेगडीच्या वर मायक्रोवेव्ह बसवलेला असतो. त्याचा पंखा धूर बाहेर फेकत नाही. जाळीतून गाळून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडतो. तासभर तळण झालं की अलार्म ठणाणा करायला लागतो आणि गालिच्यात मुरलेला तेलाचा वास आठवडाभर हलत नाही. त्यामुळे ज्यांचं स्वतःचं घर आहे ती मंडळी तळण सरळ गराजमध्ये किंवा मागच्या डेकवर हलवतात. गराजमध्ये विजेची शेगडी, आणि बाहेर मोकळ्या हवेत प्रोपेनची. थँक्सगिव्हिंगला अख्खी टर्की तळता यावी म्हणून दुकानांत जी दणकट शेगडी मिळते, तीच चकली-शेवेलाही कामी येते. ऑक्टोबरच्या अखेरीस मिशिगनमध्ये किंवा मॅसॅच्युसेट्समध्ये स्वेटर घालून, कानटोपी चढवून शेव पाडणारी माणसं शेजाऱ्यांच्या कुतूहलाचा विषय होतात, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी अडचण भांड्यांची. काचेच्या सपाट शेगडीवर गोल बुडाची कढई टेकत नाही. शिवाय ही शेगडी ठरावीक तापमान राखायला स्वतःच चालू-बंद होत राहते, म्हणून घाणा सोडला की तेल निवतं आणि चकली तेल पिते. यावर बिडाचं जाड पातेलं हा चांगला उपाय. ते उष्णता धरून ठेवतं. काही जणी तेलात थर्मामीटर सोडून १७५ ते १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तळतात. घाण्याचा अंदाज हातालाच असतो असं म्हणणाऱ्यांनी याला नाकं मुरडू नयेत. नव्या शेगडीवर जुना अंदाज चालतोच असं नाही.

दिवाळी तिथे बहुतेक ठिकाणी कामाच्याच दिवशी येते. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना सुट्टी देणारा राज्याचा कायदा नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला. पेनसिल्व्हेनियाने २०२४ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये दिवाळीला राज्याच्या अधिकृत दिवसांत जागा दिली. पण ऑफिस सुटत नाही. नरकचतुर्दशीचं अभ्यंग उरकून माणसं कामावर जातात आणि पाहुणे बोलावतात ते शनिवारी. फराळाचीही तीच गत. चार-पाच घरं मिळून कामं वाटून घेतात: एकीकडे भाजणीची चकली, दुसरीकडे बेसनाचे लाडू, तिसरीकडे चिवडा, आणि करंज्यांना सगळ्यांनी एकत्र बसायचं. पारीला पारी लागेपर्यंत गप्पा, सारणात वेलची जास्त की जायफळ यावर वाद, मध्ये चहा. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांत ही बैठक बरीच विरळ झाली आहे, कारण कोपऱ्यावरच्या दुकानात सगळं तयार मिळतं. न्यू जर्सीच्या ओक ट्री रोडवरही आता सगळं तयार मिळतं. तरीही तिथल्या घरांत करंज्या लाटल्या जातात. पूर्वी दुकान नव्हतं म्हणून घरी करायचे. आता चार माणसं जमवायला निमित्त हवं म्हणून करतात.

ते दुकान नसण्याचे दिवस फार लांबचे नाहीत. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर डॉक्टर, इंजिनिअर मंडळी मोठ्या संख्येने अमेरिकेत येऊ लागली. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ चं, आणि उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना एकत्र आणणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान शिकागोच्या डेव्हन अॅव्हेन्यूवर निघालं १९७४ मध्ये. त्याआधी, आणि लहान गावांत त्यानंतरही कितीतरी वर्षं, फराळ अमेरिकन सुपरमार्केटच्या फळ्यांवरूनच उचलावा लागे. बॅगेत कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ असली, तर तिच्यातली वाटी-चमच्याची मापं अमेरिकन कपांत बसवून घ्यायला सोपी जात. मापं बसत, जिन्नस मात्र मिळत नसत.

मग शोध लागले. पातळ पोहे नाहीत? केलॉग्जच्या राइस क्रिस्पीजचा चिवडा. त्या आधीच फुललेल्या आणि कुरकुरीत असतात, त्यामुळे भाजण्याची कटकट नाही. फोडणी गार करून वरून घालायची एवढंच. त्यांना मुळात किंचित गोडी असते, म्हणून साखर हात राखून घालायची. रवा नाही? मग क्रीम ऑफ व्हीट. तीही गव्हाची कणीच, पण झटपट शिजणारा प्रकार नाही घ्यायचा, लाडवाचा गोळा होतो. गुलाबजामला खवा नाही म्हणून दुधाची पावडर आणि जनरल मिल्सचं बिस्क्विक. हे पीठ अमेरिकन गृहिणीच्या पॅनकेक-बिस्किटांसाठी १९३१ मध्ये बाजारात आलं. त्यात मैदा, स्निग्धांश आणि फुलवणारा सोडा एकत्रच असतो, म्हणजे गुलाबजामला लागणारं सगळं आयतंच. हा गुलाबजाम एका पिढीच्या इतका अंगवळणी पडला, की खवा मिळायला लागल्यावरही अनेकांनी पाककृती बदलली नाही. रिकोटा चीज आटवून केलेला कलाकंद त्याच गोत्रातला. खरं सांगायचं तर खव्याच्या कलाकंदाची सर त्याला येत नाही. पण पंधरा पाहुणे यायचेत आणि हाताशी तासभरच आहे, तेव्हा तक्रार करायला जागा नाही.

फसगतीही ठरलेल्या. दुकानातली पिठीसाखर गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडं कॉर्नस्टार्च घालूनच विकतात. ती बेसनाच्या लाडवात गेली की जिभेवर पिठूळ लागते. साधी साखर मिक्सरमध्ये फिरवलेली बरी. केकसाठी मिळणारा खोबऱ्याचा कीस साखरेत घोळवलेला आणि ओलसर असतो. करंजीच्या सारणात तो घातला तर सारण पाझरतं आणि पारी मऊ पडते. तुपाची गोष्ट मात्र अमेरिकेने सोपी केली. तिथल्या लोण्यात कायद्याने किमान ८० टक्के स्निग्धांश लागतो, त्यामुळे एक पौंड, म्हणजे ४५४ ग्रॅम बिनमिठाचं लोणी कढवलं की साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास तूप हमखास निघतं. खारं लोणी कढवू नये, हे एकदा शिकलं की पुरे.

हवामानाचाही हात असतो. उत्तरेकडे हीटर सुरू झाला की घरातली हवा इतकी कोरडी होते की चिवडा उघड्या पातेल्यात राहिला तरी कुरकुरीत राहतो. ह्यूस्टन किंवा फ्लोरिडात तेच पातेलं संध्याकाळपर्यंत सादळतं. अनारशांना उलट कोरड्या गारठ्याचा त्रास. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, सावलीत सुकवून, गुळात मळलेलं पीठ मुरायला ऊब लागते. थंड घरात ते मुरतच नाही. मग डबा बंद ओव्हनमध्ये ठेवायचा आणि ओव्हनचा फक्त दिवा लावायचा. इडलीचं पीठ आंबवायलाही तिथे हीच युक्ती चालते. पीठ मुरलं तर जाळी पडते, नाहीतर अनारसा तुपात हसतो, हे मात्र इकडच्यासारखंच.

तळण टाळायचं म्हणून बरंच काही ओव्हनमध्ये आणि एअर फ्रायरमध्ये जातं. शंकरपाळे भाजून छान होतात. मोहन भरपूर असेल तर बिस्किटासारखे खुसखुशीत. पोहे तर ओव्हनच्या पसरट ट्रेमध्ये मंद आचेवर भाजलेले कढईपेक्षाही सारखे भाजले जातात. तयार पफ पेस्ट्रीची भाजलेली करंजी देखणी दिसते, पण तिला करंजी म्हणायचं की नाही यावर एका घरात दोन मतं असू शकतात. एअर फ्रायरमधल्या चकलीबद्दल मतभेदाला जागाच नाही. ती कडक होते, खुसखुशीत होत नाही.

या सगळ्याला समांतर पुण्याहून येणारं पार्सल असतंच. आईने किंवा सासूबाईंनी स्वतः केलेला फराळ आणि दुकानातून घेऊन पाठवलेला फराळ यांत अमेरिकन सरकारही फरक करतं. २००२ च्या कायद्यानंतर परदेशातून येणाऱ्या खाद्यपदार्थांची आगाऊ सूचना अन्न व औषध प्रशासनाला द्यावी लागते. एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरी बनवून भेट म्हणून पाठवलेल्या खाण्याला त्यातून सूट आहे. २०२५ मध्ये मात्र पार्सलांची वाट अडली. स्वस्त मालाला असलेली ८०० डॉलरपर्यंतची करसवलत अमेरिकेने ऑगस्टअखेर काढून घेतली. शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूंना हा बदल लागू नव्हता, पण नियमांचा उलगडा होईना म्हणून भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून बहुतेक पार्सलं घेणंच थांबवलं आणि १५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू केली. दिवाळी तोवर अगदी तोंडावर आली होती.

सजावटीत अमेरिकन बाजाराची मदत फराळापेक्षा जास्त होते, आणि याचं श्रेय हॅलोविनला. ऑक्टोबरभर दुकानं नारिंगी दिव्यांच्या माळांनी भरलेली असतात; १ नोव्हेंबरला त्याच माळा निम्म्या किमतीत निघतात. त्या एकदा लागल्या की नाताळापर्यंत उतरवायची गरज नाही. शेजाऱ्यांना वाटतं, यांचा नाताळ फार लवकर सुरू होतो. आकाशकंदिलाला बार्बेक्यूसाठी मिळणाऱ्या बांबूच्या काड्या पुरतात. कागदाचं जरा जपून: भेटवस्तू गुंडाळायचा टिश्यू पेपर पतंगी कागदासारखा दिसला तरी पहिल्या पावसात विरघळतो, त्यापेक्षा सेलोफेन बरा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. दिवाळी त्यानंतर आली तर उत्तरेकडे पाच-साडेपाचलाच अंधार पडतो, आणि टायमरवर लावलेला कंदील माणसं ऑफिसातून परतायच्या आत उजळलेला असतो. झेंडूचं काय करायचं हा प्रश्न मात्र दर वर्षीचा. उन्हाळ्यात परसात लावलेली रोपं दसऱ्याला भरभरून फुलतात, आणि दिवाळीआधीच्या एखाद्या रात्री दहिवर गोठलं की सकाळी काळी पडतात.

घरं लाकडाची आणि जमिनीवर गालिचे, त्यामुळे आत पणत्या बहुधा बॅटरीच्या. तेलाच्या पणत्या दारापुढच्या सिमेंटवर, वारा नसला तर. रांगोळीही तिथेच. पोरं पदपथावर रंगवायच्या जाड खडूंनी तिच्यात भर घालतात. किल्ल्याला माती नर्सरीतून गोणीत विकत आणायची, खालचा डोंगर अॅमेझॉनच्या खोक्यांचा. शिवाजी महाराज भारतातून बॅगेत येतात. मावळे कमी पडले तर लेगोची माणसं पहाऱ्यावर उभी राहतात.

दिवाळीआधी येणाऱ्या गणपतीच्या सजावटीची, म्हणजे मखराची, कथा थोडी अडचणीची आहे. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आणली, आणि त्या वर्षीच्या गणेशोत्सवापुरती सूट द्यायलाही मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. इकडचे कारागीर पुठ्ठा, कापड आणि बांबूकडे वळले. अमेरिकेतलं मखर मात्र अजून बरंचसं फोमबोर्डवर उभं राहतं, आणि फोमबोर्ड म्हणजे दोन कागदांमध्ये दाबलेलं थर्माकोलचंच भावंड. डॉलर ट्रीसारख्या दुकानात तो स्वस्तात मिळतो, सुरीने कापला जातो, गराजमध्ये वर्षभर टिकतो. निदान दर वर्षी तोच वापरला तरी बरं.

पाहुणे आले की आणखी एक काळजी. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा प्रमुख अॅलर्जीकारक पदार्थ म्हणून लेबलवर लिहावा लागतो. शेंगदाणा आणि काजू-बदाम त्या यादीत आधीपासून आहेत. घरच्या ताटाला हा कायदा लागत नाही. पण चकलीत तीळ, चिवड्यात दाणे, लाडवात काजू असताना शेजारच्या मुलाच्या हातात डबा देण्याआधी त्याच्या आईला विचारणं शहाणपणाचं. अनेक शाळा वर्गात वाटायला घरचं काही घेतच नाहीत, सीलबंद पाकीटच लागतं. शेजाऱ्यांकडे डबा पोचवणं मात्र त्यांना चटकन कळतं, कारण डिसेंबरमध्ये घरोघरच्या कुकी एकमेकांना वाटण्याची पद्धत त्यांच्याकडेही आहे.

ज्यांना वेळच नाही, त्यांच्यासाठी घरगुती फराळ विकणाऱ्या काकूही आहेत. न्यू जर्सीत घरी बनवलेलं विकणं २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत बेकायदाच होतं. अशी बंदी उठवणारं ते देशातलं शेवटचं राज्य. आता परवाना काढून, फ्रिजशिवाय टिकणारे यादीतले पदार्थ वर्षाला ५० हजार डॉलरपर्यंत विकता येतात. लेबलवर घटक लिहायचे, आणि हे खाणं सरकारी तपासणी न झालेल्या घरगुती स्वयंपाकघरात बनलं आहे, असंही छापायचं. हे वाक्य वाचून गिऱ्हाईक पळत नाही, उलट त्यासाठीच येतं. ऑर्डरी नवरात्रातच व्हॉट्सअॅपवर भरून जातात. अनारसे हवे असतील तर त्याहून आधी सांगावं लागतं.