हयातीचा उपभोग आणि घराचा खर्च

एका गृहस्थानें मृत्युपत्र केलें : घर विधवा बहिणीनें हयातीपर्यंत वापरावें, त्याचें भाडें घ्यावें, आणि तिच्यामागें तें पुतण्याचें व्हावें. इच्छा स्पष्ट आहे. परंतु पहिल्याच पावसाळ्यांत छप्पर गळूं लागलें कीं प्रश्न उभा राहतो. आत्याला वाटतें, घर शेवटीं पुतण्याचें. पुतण्याला वाटतें, भाडें तर आत्याच घेते.

या वादासाठीं इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयानें एक तत्त्व ठरविलें, आणि भारतांतील न्यायालयेंहि बहुधा त्याकडेच पाहतात. जो खर्च वर्षानुवर्षें येतो तो उत्पन्नावर पडावा. जो मिळकतीच्या कायम किंमतीसाठीं होतो तो मूळ मिळकतीवर. घरपट्टी, पाणीपट्टी, जमिनीचा सारा हीं आत्याकडे. कौलें चाळणें, चुना देणें हेंहि सामान्यतः तिच्याच वांट्याचें. मात्र मृत्युपत्रांत दुरुस्तीची अट नसेल तर नुसत्या हयगयीबद्दल तिला जबाबदार धरण्यास तीं इंग्रजी न्यायालयें सहसा राजी नसत. आपल्या हातानें भिंत पाडणें ही गोष्ट निराळी. आणि तिनें हौसेनें माडी चढविली, तर तो पैसा पुतण्याकडून परत मिळण्याची आशा तिनें धरूं नये.

सर्वांत बोधप्रद उदाहरण गहाणाचें. घरावर 10,000 रुपयांचें कर्ज आहे आणि व्याज शेंकडा 8 आहे असें धरूं. दरसाल 800 रुपये व्याज आत्यानें भाड्यांतून द्यावें; मुद्दल घरावरच राहतें. आत्या 15 वर्षें जगली तर ती 12,000 रुपये देते, आणि पुतण्याच्या हातीं 10,000 रुपयांच्या बोजासह घर येतें. दोघांनाहि हें जाचक वाटतें, आणि तेथेंच त्याचा न्याय दिसतो. आत्यानें सावकाराची कटकट मिटविण्यासाठीं स्वतःच्या पैशानें मुद्दल फेडलें, तर विरुद्ध हेतु दिसत नसेल तोंवर तो बोजा तिच्या लाभासाठीं जिवंत आहे, असें समजलें जातें. तिचे वारस तो पुतण्याकडे मागूं शकतात. पावत्या अर्थातच जपल्या पाहिजेत.

मृत्युपत्र करणाऱ्याच्या मृत्यूपूर्वीच्या भाड्याचा हिशेब 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानें उदाहरण देऊनच सांगितला आहे. घराचें वार्षिक भाडें 365 रुपये द्यावयाचें असून तें वेळेवर भरल्यानंतर 25 दिवसांनीं मालक वारला, तर 25 रुपये त्याच्या मालमत्तेंतून द्यावयाचे.

येथें बहिणीऐवजीं पत्नी असती तर प्रश्न पालटला असता. 1956 च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें हिंदु स्त्रीच्या मर्यादित हक्काचें पूर्ण मालकींत रूपांतर केलें. मृत्युपत्रानें घातलेली मर्यादा मात्र कांहीं प्रसंगीं टिकते. परंतु पोटगीच्या पूर्वापार हक्कापोटीं मिळालेल्या मिळकतीस ती मर्यादा लागू होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें 1977 सालीं तुळसम्मा खटल्यांत ठरविलें. अशा ठिकाणीं पुतण्याला घरच मिळत नाहीं, मग खर्चाची वांटणी कोठली?