सोडतीत लागलेले घर

बँकेत असताना एका कापडपेढीतील मेहताजी माझ्याकडे पेढे घेऊन आले. म्हाडाच्या सोडतीत त्यांना घर लागले होते. नोकरी वीस वर्षांची, सचोटी वादातीत. परंतु पगार रोखीने. अर्जाला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला पुरला होता. कर्जासाठी मात्र पगारपत्रक, खात्यातील नोंदी, आयकर विवरणपत्र हवे. त्यांतील एकही कागद त्यांच्यापाशी नव्हता. मुदतीत रक्कम भरता आली नाही आणि घर प्रतीक्षा यादीवरील अर्जदाराकडे गेले. कर्ज नाकारणाऱ्या टिपणावर सही माझीच होती.

सोडत संगणकावर निघते. म्हाडाने कोणीही दलाल नेमलेला नाही. घर न लागल्यास अनामत रक्कम परत मिळते. अधिवासाचा दाखला काढणे, आपला उत्पन्न गट नीट पाहणे, हे अर्जदाराच्या हाती असते. पगाराचा पुरावा मात्र मालकाच्या हाती.

पेढीचा हिशेब आपण पैपैचा ठेवतो. तो लिहिणाऱ्याचा पगार दरमहा त्याच्या खात्यात जमा करावा, पगारपत्रक द्यावे. येत्या दिवाळीच्या वहीपूजनाची वाट न पाहता याच महिन्यापासून आरंभ करावा, ही विनंती.